दहा हात डावीकडे

एका जंगलात, बाळांनो, उन्हाळा इतका कडक पडायचा की सावलीसुद्धा झाडाखाली जाऊन बसायची.

त्या जंगलाच्या मधोमध एक कडा होता. कड्याच्या पोटात गुहा होती. गुहेत राजा राहायचा, म्हणजे सिंह. आणि गुहेच्या वर, कड्याच्या कपाळाला, आग्या माश्यांचं पोळं लोंबत होतं. चांगलं सुपाएवढं. वरच्या अंगाला मध, खालच्या अंगाला बाळं.

राजा माश्यांच्या वाटेला जात नसे. माश्या राजाच्या वाटेला जात नसत. याला शेजारधर्म म्हणतात. भीती म्हणा हवं तर. बराचसा शेजारधर्म तिथूनच निघतो.

या पोळ्यात भिवराआत्या नावाची एक माशी होती. तिचं काम पाणी आणायचं. ऊन चढलं की ती डोहावर जायची, पोटभर पाणी घ्यायची आणि पोळ्यावर आणून शिंपडायची. मग बाकीच्या माश्या ओळीनं बसून पंख हलवायच्या. पाणी वाळायचं, पोळं गार व्हायचं. नाही गार झालं तर? तर मेण मऊ होतं. मेण मऊ झालं की पोळं सुटतं. मग सगळ्या माश्या उडून जातात. पण बाळांना पंख नसतात.

म्हणून भिवराआत्या कधी खेप चुकवायची नाही. ती दीड महिन्याची होती. हसू नका. माश्यांत दीड महिना म्हणजे पिकलं पान.

तर एके वर्षी काय झालं, शेजारच्या जंगलातल्या राजानं आपल्या गुहेत गार डबा बसवल्याची बातमी आली. त्याला गार वाटू लागलं म्हणताच आमच्या सिंहाला गरम वाटू लागलं. त्या आठवड्यात डबा आला.

डबा मोठा नामी होता. त्याच्या पोटात एक वाफ कोंडलेली. चाक फिरवलं की वाफ नळ्यांतून पळायची, गुहेतली गरमी उचलायची आणि डब्याच्या पाठीतून बाहेर टाकायची. चाक फिरवायला दहा गाढवं. गाढवांना गारवा मिळत नसे. पण राजा गार झाल्याचं त्यांना दर सकाळी कळवलं जाई.

पुढे दुसरा डबा आला. त्याच्यावर पाच चांदण्या काढलेल्या होत्या.

"महाराज, हा शहाणा डबा," प्रधान म्हणाला. "पाचच गाढवांत तेवढाच गारवा देतो."

"म्हणजे पाच गाढवं वाचली?"

"वाचली, महाराज."

"वा! मग त्या पाचांवर आणखी एक आणा."

जुना डबा काढून चांदण्यांचे दोन डबे बसले. गाढवं दहाच्या दहा. पण बचत झाली ती झालीच, तिची दवंडीसुद्धा पिटली.

डबे बसवले गुहेच्या तोंडाशी. त्यांच्या पाठीची धग निघायची ती सरळ वर. वर काय होतं ते तुम्हाला सांगितलं आहेच.

भिवराआत्याच्या दिवसाला वीस खेपा व्हायच्या, त्या साठ होऊ लागल्या. तरी दुपारी पोळ्यावर पाय ठेवला तर पाय रुतायचा.

"आत्या," तरण्या माश्या म्हणाल्या, "चला, जाऊन राजाच्या नाकावर बसतो. डबा काय, गुहासुद्धा सोडून जाईल."

"बसाल आणि डंख माराल. मग?"

"मग काय, मरू."

"तेच म्हणते मी. आपला डंख एकदाच असतो, पोरींनो. म्हणून आपल्यात आधी अर्ज करतात."

ही माश्यांची जुनी रीत होती. आधी अर्ज, मग डंख. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, माशी उगाच चावते.

भिवराआत्या आधी गेली धुळाप्पा मिस्त्रीकडे. धुळाप्पा म्हणजे मुंगूस. डबे बसवायचं, पुसायचं, वाफ भरायचं काम त्याचं. तोंडात कायम एक काडी.

"धुळाप्पा, या डब्यांचं काही करता येईल का रे?"

धुळाप्पानं वर पोळ्याकडे बघितलं, खाली डब्याकडे बघितलं. काडी या गालातून त्या गालात नेली.

"दहा हात डावीकडे घेतले की झालं, आत्या. तिकडे नुसता खडक आहे. धग खाईल गप. दोन गाढवं आणि एक सकाळ. बास."

"मग घे की."

"वरून सांगायला पाहिजे."

"अरे, वर तर आम्हीच राहतो."

"तसलं वर नव्हे हो," धुळाप्पा म्हणाला आणि गुहेकडे काडी दाखवली.

गुहेच्या दारात प्रधान बसायचा. प्रधान तरस होता. नाव हसमुखराव. तरसाला हसायला कारण लागत नाही, म्हणून तर राजानं त्याला प्रधान केला होता. वाईट बातमीसुद्धा तो खिदळत सांगे. राजाला बरं वाटे.

"हसमुखराव, पोळं मऊ झालंय," भिवराआत्या म्हणाली. "डबे दहा हात डावीकडे घ्या. एवढाच अर्ज."

"खी खी! भिवराबाई, तुम्ही प्रश्न फार लहान करताय."

"लहानच आहे तो. दहा हातांचा."

"तिथंच चुकताय! आज तुमचं पोळं तापलं. उद्या आभाळ तापेल. गारवा हा सगळ्या जंगलांचा प्रश्न आहे. दहा हातांनी काय होतंय? महापरिषद भरवायला पाहिजे."

"भरवा की. तोवर डबे सरकवा."

"आता कसे सरकवणार? विषय परिषदेपुढे गेला. आधीच डब्याला हात लावला तर पाहुणे म्हणतील, यांनी परस्पर ठरवून टाकलं. खी खी! शोभेल का ते?"

भिवराआत्या दाराशी उभी होती तेवढ्या वेळात तिचे पंख जड झाले होते. तिला वाटलं, वय झालं.

तीन जंगलांना आवतणं गेली. पाहुणे यायला बारा दिवस लागले. बारा दिवसांत भिवराआत्याच्या सातशे वीस खेपा झाल्या. तुम्ही हे आकडे विसरलात तरी चालेल. ती विसरली नाही.

वाळवंटाकडून उंट आला. बर्फाकडून हिमबिबट्या आला. दलदलीतून सुसरबाई आल्या, पालखीतून, कारण चालायचं म्हटलं की त्यांना राग यायचा. प्रत्येकानं आपापला डबा आणला होता. दुसऱ्याच्या गारव्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

म्हणजे गुहेच्या तोंडाशी डबे झाले पाच. गाढवं झाली पंचवीस.

पाहुण्यांचे डबे बसवताना भिवराआत्या धुळाप्पाच्या खांद्यावर टेकली.

"यांच्या पोटात असतं तरी काय रे?"

"वाफ. पहिल्यांदा एक जुनी होती, आत्या. गुणाची. ना वास, ना धूर. पण डब्यातून निसटली की आभाळात जायची आणि छपराला भोक पाडायची. मग सगळ्या जंगलांनी एक होऊन ती बंद केली."

"सगळ्यांनी? एक होऊन?"

"खरंच केली हो. भोक बुजायलासुद्धा लागलं. तेव्हापासून सगळ्यांना परिषदेची चटक लागली."

"मग ही?"

"ही दुसरी. ही भोक पाडत नाही. ही आभाळावर गोधडी घालते."

"चैत्रात?"

"चैत्रात."

"आणि पुढे?"

"तिसरी यायची आहे. चांगली आहे म्हणतात. फक्त तिच्याजवळ विडी ओढायची नाही."

"आणि ही दुसरी, तिचं काय करायचं?"

"ती अलगद काढून बाटल्यांत भरायची. झाकण घट्ट लावायचं. मोकळी मात्र कधी सोडायची नाही. एवढं कळलं की मिस्त्री झालाच म्हणून समजा. बाकी सगळं पाना फिरवणं."

पहिला दिवस उजाडला. विषय गारव्याचा, म्हणून गुहेत गारवा भरपूर ठेवला होता. इतका, की राजानं सगळ्यांना घोंगड्या वाटल्या. बाहेर दगड भाजत होते. आत महापरिषद घोंगड्या पांघरून बसली होती.

बोलायचा क्रम अंगापिंडावर लावला होता. आधी उंट. शेवटी माशी.

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नाकपुड्या मिटून दिवस काढले," उंट म्हणाला. "तेव्हा डबे तुमच्याकडे होते. आभाळ तुम्ही तापवलंत. आता कुठे आमच्याकडे डबा आला, तर म्हणता वाफ बंद करा?"

"आणि आमचं बर्फ वितळतंय ते?" हिमबिबट्या म्हणाला. "ते गार ठेवायला आम्हाला डबे लागणारच. बर्फ वाचवण्यासाठीच लागणार!"

"मग आम्ही वाळू गार करू नये?"

"वाळूला काय धाड भरली आहे?"

"अन् तुमच्या बर्फाला काय लेकरं होतात?"

हसमुखराव खिदळले. सुसरबाई काही बोलल्या नाहीत. त्या पार गारठल्या होत्या. थंडीत सुसरीचं अंग आखडतं. पण त्या एरवीसुद्धा हलत नसल्यामुळे सगळ्यांना वाटलं, विचार करताहेत. त्यांच्या विचारांना मान देऊन दोन कलमं वाढवली.

सगळं लिहून घ्यायला साळिंदर होता. तो कारकून, कारण लेखणी त्याच्या पाठीवरच उगवायची. नवं कलम निघालं की तो पाठीचा एक काटा उपटायचा, "आई गं" म्हणायचा आणि लिहायला लागायचा.

भिवराआत्या एका खड्यावर बसली होती. सांगायचं सगळं तिनं मनात जुळवून आणलं होतं. पण बाळांनो, माशीचं अंग म्हणजे उन्हाचं अंग. गार पडलं की माशी थांबते. उंटाचं भाषण संपलं तेव्हा तिला पाय हलवता येईना. बिबट्याचं संपलं तेव्हा पंख. तिची पाळी आली तोवर तिचं तोंडसुद्धा उघडेना.

"आग्या माशी," राजा म्हणाला, "तुमचं काय म्हणणं?"

भिवराआत्या नुसती बघत राहिली.

"गप्प म्हणजे राजी!" हसमुखराव म्हणाले.

साळिंदरानं काटा उपटला. "आई गं." आणि लिहिलं : आग्या माशी हजर. हरकत नाही.

सभा उठल्यावर धुळाप्पानं तिला एका पानावर घेतलं आणि बाहेर तापलेल्या दगडावर ठेवलं. हळूहळू तिच्या पायांत जीव आला.

"माझी पाळी आली का?"

"येऊन गेली, आत्या."

"काय झालं?"

"तुमची काही हरकत नाही म्हणे."

"माझी?"

"लिहिलंय तसं."

भिवराआत्या रागावली नाही. तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, "उद्या बघू," आणि पाण्याला गेली. दिवसभराच्या खेपा बुडाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती तयारीनं गेली. थंडी वाजली की माशी पंख न उघडता आतल्या आत अंग थरथरवते आणि ऊब आणते. लहानपणी शिकलेली गोष्ट. ती खड्यावर बसली आणि थरथरू लागली. ऊं ऊं ऊं.

"कोण गुणगुणतंय?" राजानं विचारलं.

"मी, महाराज. गुणगुणत नाही. अंग तापवते आहे."

"तापवते?" हसमुखराव उभेच राहिले. "भिवराबाई! ही परिषद तापवण्याच्या विरुद्ध भरली आहे!"

सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती थरथरायची थांबली. थोड्या वेळानं तिचं बघणंही थांबलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत एकाच शब्दावर वाद चालला. वाफ बंद करायची, हे सगळ्यांना मान्य. कधी करायची? बिबट्या म्हणाला, "ताबडतोब." उंट म्हणाला, "सवडीनं." साळिंदरानं सोळा काटे उपटले. शेवटी ठरलं : यथावकाश. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. साळिंदराच्या पाठीला मात्र वारा लागू लागला.

मग बिबट्याला कुणीतरी सांगितलं, की वर एक पोळं आहे आणि तिथे डब्याशिवाय, वाफेशिवाय, नुसतं पाणी आणि पंख वापरून गारवा करतात.

"अजब!" तो म्हणाला. "गाढवाशिवाय?"

"गाढवाशिवाय."

"याचा अभ्यास व्हायला पाहिजे. समिती नेमा. आणि अध्यक्ष त्या माशीबाईच. बघा किती शांत बसल्यात."

अशी भिवराआत्या अध्यक्ष झाली. तिला ते संध्याकाळी दगडावर पडल्या पडल्या कळलं.

"अध्यक्षांना डबा सरकवता येतो का?" तिनं धुळाप्पाला विचारलं.

"अध्यक्षांना हार मिळतो, आत्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्याचा उजवा कोपरा बोटभर खाली आला होता. तरण्या माश्या पंख हलवून हलवून दमल्या होत्या.

"आत्या, आता बास."

"आज शेवटचा दिवस आहे. आज नक्की बोलते. मोठं काही नाहीच बोलत. दोनच शब्द. डबे सरकवा."

ती आत गेली. पण शेवटच्या दिवशी आधी आभार असतात. उंटानं बिबट्याचे मानले. बिबट्यानं उंटाचे मानले. दोघांनी मिळून सुसरबाईंच्या मौनाचे मानले. तोवर भिवराआत्याचे दोन्ही शब्द घशात गोठले.

तहावर पंजे उमटले. टाळ्या झाल्या. राजा उठला.

"आमच्या जंगलाची रीत आहे," तो म्हणाला. "तह झाला की कैदी सोडायचे. हसमुखराव, कैदी आणा!"

ही रीत खरीच होती आणि फार जुनी होती. मागच्या तहाला बारा ससे सोडले होते. सोडून ते कुठे गेले, हे कुणी विचारायचं नाही, हीसुद्धा रीतच होती.

हसमुखराव राजाच्या कानाशी लागले. "महाराज, कैदीच नाहीत. ससे मागेच संपले."

"मग तह पुरा कसा व्हायचा? पाहुण्यांसमोर?"

हसमुखरावांनी डोकं खाजवलं. मग त्यांना असं हसू फुटलं की जमिनीवर बसावं लागलं.

"महाराज! आहे की कैदी! पाच डब्यांत कोंडलेला! वाफ!"

"पण तह तर वाफेच्या विरुद्ध झाला ना?"

"तेच तर थोरपण! सशाला कोणीही सोडील. शत्रूला सोडतो तो राजा!"

बिबट्यानं डोळे पुसले. उंटानंही पुसले. ऐनवेळी धुळाप्पा मिस्त्री पुढे धावला. त्याच्या तोंडातली काडी पडली होती.

"अहो साहेब, अहो महाराज! ती आभाळात जाऊ नये म्हणून तर हे तीन दिवस बसलात! सोडली तर तिकडेच जाणार ना ती!"

"मिस्त्री," राजा गंभीर होऊन म्हणाला, "हा रीतीचा विषय आहे. पाना दे."

राजानं आपल्या दोन्ही डब्यांची, उंटानं आणि बिबट्यानं आपापल्या, आणि सुसरबाईंच्या वतीनं हसमुखरावांनी त्यांच्या डब्याची चावी फिरवली. फुस्स. फुस्स. फुस्स. पाच वेळा. टाळ्यांच्या कडकडाटात वाफ डब्यांतून निघाली, दारावरून वळली आणि वर गेली. जाताना तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"स्वतंत्र झाली!" उंट म्हणाला.

टाळ्या सरल्या. घोंगड्या सुटू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "गरम होतंय का जरा?"

गरम होणारच होतं. गार करणारी वाफच गेली होती. नवी यायची तर तीही यथावकाश. चाकं मात्र फिरत होती, कारण गाढवांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आणि रिकामा डबा फिरवला की तो स्वतःच तापतो. आधी कोमट, मग कढत, मग लाल.

"चाकं थांबवा!" धुळाप्पा ओरडत पळाला. पंचवीस गाढवं होती आणि चाकं पाच. कुठलं आधी थांबवणार?

या गरमीत गुहेत एका जिवाला मात्र बरं वाटलं. खड्यावर भिवराआत्याचा एक पाय हलला. मग दुसरा. मग पंख सुटले. तीन दिवसांत पहिल्यांदा भर सभेत तिला अर्जाचं बोलता आलं.

"पोळं पडतंय!" ती ओरडली. "माझी बाळं आहेत त्यात! डबे सरकवा!"

सगळे तिच्याकडे वळले.

"भिवराबाई," हसमुखराव म्हणाले, "आता? तुमची हरकत नाही असं लिहून झालंय. शिवाय तुम्ही अध्यक्ष आहात. शोभत नाही."

साळिंदरानं सवयीनं पाठीला हात घातला. पाठीवर काही उरलं नव्हतं.

भिवराआत्या पुढचं ऐकायला थांबली नाही. ती उडाली ती थेट बाहेर.

पाच डबे लाल झाले होते. पोळ्याखाली हवा थरथरत होती. हजार माश्या पंख मारत होत्या, पण पंखांनी आलेला वारासुद्धा गरम होता. भिवराआत्याच्या पोटात पाणी नव्हतं. डोहापर्यंत जाऊन यायला वेळही नव्हता.

पोळं सुटलं. फार आवाज झाला नाही. भिजलेली घोंगडी दोरीवरून घसरावी तसं ते खाली आलं. मध दगडांवर पसरला. बाळं त्याच्याखाली होती.

हसायचं जरा थांबा, बाळांनो. तिथेही सगळे थांबले होते.

सगळ्या माश्या हवेत होत्या आणि कुणी गुणगुणत नव्हतं. गारवा घ्यायला म्हणून महापरिषद तेवढ्यात दारात आली होती. घोंगड्या काखेत मारलेल्या.

एक तरणी माशी भिवराआत्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "आत्या, अर्जाचं काय झालं?"

भिवराआत्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मागे घेतला," ती म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगतो. उंट इतका पळू शकतो हे उंटाला माहीत नव्हतं. बिबट्या झाडावर चढला, झाडावर माश्या होत्या, तो उतरला. राजा गर्जला. गर्जायला तोंड उघडावं लागतं, ही त्याची चूक झाली. हसमुखराव पहिल्यांदाच कारण असताना हसले नाहीत. साळिंदराला पाठीवर एकसुद्धा काटा नव्हता, त्यामुळे त्याला माश्यांनी फार सोयीनं घेतलं. सुसरबाई गरमीनं जाग्या झाल्या, इकडेतिकडे बघून त्यांनी डोहाचा रस्ता धरला, आणि बाकीचे त्यांच्या मागे. धुळाप्पाला आणि गाढवांना कुणी शिवलं नाही.

त्या दुपारी शे-सव्वाशे माश्या गेल्या. डंख एकदाच असतो. भिवराआत्यानं मारला नाही. मारावासा वाटला नाही असं नाही. पण मग पाणी कुणी आणायचं?

उरलेल्या माश्या रिकाम्या गुहेत शिरल्या, निदान ऊन तरी लागू नये म्हणून. धुळाप्पानं गाढवं सोडली होती. चाकं थांबली होती. डबे निवत आले होते. आणि आत गेल्यावर माश्यांना कळलं, की गुहा मुळातच गार होती. दगडाची होती, खोल होती, पाठीमागून झिरपा होता. सोसेल एवढी गार. माशीला झेपेल एवढी गार. डबे नव्हते तेव्हा ती तशीच असणार. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

छताला त्यांनी नवं मेण लावायला घेतलं. पांढरं, नखाएवढं. राणी तिथेच टेकली.

भिवराआत्या पाण्याला गेली.

डोहात गळ्याइतक्या पाण्यात महापरिषद बसली होती. नुसती डोकी दिसत होती, तीही सुजलेली. उंट मधोमध उभा होता, कशावर तरी.

"सुसरबाई," तो अदबीनं म्हणाला, "तुमची पाठ किती मऊ हो."

"ठाऊक आहे," सुसरबाई म्हणाल्या. तीन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "माझ्या पाण्यात आलेला प्रत्येकजण हेच सांगतो."

भिवराआत्या काठाला एका पानावर बसली आणि पाणी पिऊ लागली. तिला बघून सगळी डोकी नाकापर्यंत खाली गेली. ती नुसतं पाणी पीत राहिली. मग डोकी हळूहळू वर आली.

"हसमुखराव," राजा ओठ हलतील तेवढे हलवून म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात आली का? दोन तास झाले. आपल्याला गरम होत नाही."

"नाही, महाराज."

"डबा नाही. वाफ नाही. गाढव नाही."

"नाही, महाराज."

"आणि सगळी जंगलं एकाच पाण्यात बसलीत. भांडण नाही."

हसमुखरावांनी चहूकडे बघितलं. त्यांचा चेहरा सुजून असा झाला होता की हसताहेत की रडताहेत ते कळेना.

"महाराज," ते कुजबुजले, "हे कुठे बोलू नका. पुन्हा कोण येईल परिषदेला?"

भिवराआत्याचं पोट भरलं होतं. ती उडाली.

तात्पर्य : एकीनं काय होत नाही? दोन गाढवांचं आणि एका सकाळचं काम असलं तरी सगळ्यांनी मनावर घेतलं तर ते अवघ्या जगाचं होतं, आणि मग ते कुणालाच करावं लागत नाही. म्हणून शहाण्यानं कुणाचाही प्रश्न लहान राहू देऊ नये. मात्र सभा भरवण्यापूर्वी जवळ पाणी आहे ना, ते बघून ठेवावं.